रेघेचं शेपूट

३ जुलै

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

दुपारी पडल्या पडल्या तुझा आवाज ऐकू आला. आजचा नव्हे, दुसरीतला. कविता म्हणताना तू पाटीच्या चौकटीनं दारावर ताल धरायचीस. ठक ठक, एक श्वास, ठक. गुरुजी म्हणायचे, ही पोर कविता म्हणत नाही, सुतारकाम करते!

पत्र लेक लिहून घेतेय. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवणारा हा हात आता चमचा तोंडाऐवजी कानाकडे नेतो, हे कंपवाताचं रडगाणं तुला पाठच आहे. पण आज बातमी वेगळी आहे. लेकीनं मला तिचा टॅबलेट दिलाय. काचेवर बोट फिरवलं की रेघ उमटते, रेघेला रेघा फुटतात, रंग आपसूक पसरतात. याला चित्र म्हणावं की आणखी काही, देव जाणे. पण टिटवे, रेघा सरळ येतात! हात बरा होतोय. डॉक्टरांना काय कळतं? माळ्यावरचे ब्रश काढायला सांगितलेत. आपल्या शाळेची पाटी मीच रंगवणार, हेडमास्तरांना शब्द देऊन बसलोय. लेक खाली मान घालून भराभर लिहितेय.

दोन चित्रं छापून पाठवतोय. लोभ आहे तेवढा ठेव, तोच मला पुष्कळ.

तुझा,
दादा

१२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चित्रं भिंतीवर लावली. शेजारीण छान म्हणाली. मी मात्र चष्मा पुसपुसून शोधतेय, शेपूट कुठंय? तुझी रेघ संपताना हळूच वर वळायची. मांजर निघून गेलं आणि शेपूट पाटीवर राहिलं, असं बाबा चिडवायचे. या रेघा फार शहाण्या आहेत रे, कुणाच्याही असतील. रागावू नकोस हं.

यावंसं फार वाटतं, पण गुडघ्यांनी संप पुकारलाय. जिना उतरून वर्ष झालं. औषधं वेळेवर घे, आणि या भांडकुदळ बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
टिटवी

२० जुलै

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

हे माझ्याच हातचं आहे. मुंग्या पळाल्यासारखं दिसेल, वाचता आलं नाही तर टाकून दे.

तुझं पत्र वाचलं आणि ब्रश उचलला. पहिल्याच अक्षराला लाल रंग पाटीभर ओघळला. लेक दारात उभी होती. मग तिनं सांगितलं, त्या यंत्रात थरथर पुसून रेघ सरळ करायची सोय असते, ती तिनं पहिल्याच दिवशी चालू करून ठेवली होती. बाबांना एकदा तरी हसताना बघायचं होतं, म्हणाली. माझं ते आनंदाचं पत्र तिनं खाली मान घालून लिहून घेतलं होतं, हे आठवलं आणि रागावताही आलं नाही.

ती सोय बंद करायला लावली. आता रोजची रेघ कालच्या रेघेवर ठेवतो. काळंकुट्ट जाळं झालंय. मी चित्र काढत नाही, दुखणंच ते माझ्याकडून काढवून घेतं. तरी सकाळ झाली की बोट तिकडेच जातं, दुसरं उरलंय काय? शेपूटही शोधलं. शेपटंच शेपटं आहेत गं, रेघ कुठेच नाही.

शाळेला नकार कळवला. जुन्या कविता म्हणायला जातो तर दुसऱ्या कडव्याशी अडतो. तू ताल धरायचीस म्हणून पुढची ओळ आठवायची, हे आत्ता कळतंय.

चित्र पाठवत नाही. यायचं मनातही आणू नकोस. तू मला असं बघावंस, हे मला नको आहे. लोभ होता, तोच आठवत राहा.

तुझा,
दादा

ता. क. लेक बाजारात गेलीय आणि कुणीतरी दार वाजवतंय. बेल असताना! काठीनं असावं. ठक ठक. मग जिना चढून धाप लागावी तसं थांबून, ठक.