नेस्टाला पुसलंस का?

परदेशातला दवाखाना,
ता. ४ जून १९४४

ती. बयाआक्कास रायबाचा शि. सा. न. वि. वि.

पाय वाचला. काठी धरून चालतो, काळजी नसावी. माझी मलमपट्टी करणारा गोरा शिपाई इदवाल लई गमतीचा गडी आहे. त्याचा मुलूख वेल्स, आपल्या पासलीसारखाच डोंगरी; बाप मेंढरं राखतो. हिंदुस्थानात राहून गेलाय, त्यामुळं मोडकंतोडकं हिंदुस्थानी बोलतो. इंग्रजी त्याची घरची बोली न्हाई. त्याच्या बापानं शाळंत घरची बोली बोलल्याबद्दल छड्या खाल्ल्या. हा हट्टानं त्याच बोलीत कविता करतो. पण दर कवितेत तेच: डोंगर, मेंढरं, धुकं, आईची चूल. गावाकडच्या नेस्टा नावाच्या पोरीला तीन वरसं कविता धाडतोय. आता तिला दुसरीकडून मागणी आलीय, तर याला अन्न गोड लागंना.

सर्वांस नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.
रायबा

पासली, ता. ९ जुलै

चि. रायबास आक्काचे पोटभर आशीर्वाद.

पाय वाचल्याचं कळलं, आळीत गूळ वाटला. लावणी चाललीय. चिखलाच्या पायांनीच आनंदराव गुरुजींकडं आले. म्या सांगते, ते लिवतात. त्या इदवालला विचार, बाबा, लगीन करतीस का, असं त्या पोरीला कधी पुसलंस का? डोंगर तर तिच्या दारातच हाय, तो कागदावर कशाला बघंल ती? गुरुजी म्हणतात, कवीला असं बोलू नये. म्या म्हणलं, लिवा. तुझे दाजी मुके राहिले असते तर म्या आज मार्गासनीच्या त्या दुसऱ्या स्थळाकडं नांदत असते!

जिवाला जप. आठवण ठेव.
बयाआक्का

दवाखाना, ता. २७ ऑगस्ट

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र त्याला समजावलं. आधी लाल झाला, मग रुसला. म्हणाला, कवितेत सगळं आलंय. म्या म्हणलं, दाव कुठं. सगळे कागद उलटेपालटे केले. मेंढरांची नावं सापडली, नेस्टाचं एकदाबी न्हाई.  दुसऱ्या दिवशी साधं चार ओळींचं पत्र धाडलं. आता टपाल आलं की माझी पट्टी अर्धी टाकून पळतो.

लोभ करता तसाच करत जावा.
रायबा

दवाखाना, ता. १२ नोव्हेंबर

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

नेस्टाचा होकार आला! दुसरी मागणी तिनं आधीच मोडली होती. खरमरीत लिवलंय, की वाट बघून डोळे शिणले, आता जिता घरी ये. इदवालनं मला उचलून वार्डात नाचवलं. डॉक्टर दोघांवर ओरडले. लग्नात म्हणायला तुमची एक ओवी मागतोय, त्याच्या घरच्या बोलीत घालणार म्हणतो. मला सुटी मंजूर झाली. येतोच.

रायबा

पासली, ता. २४ डिसेंबर

चि. रायबास अनेक आशीर्वाद.

तू येतोस, घर उजळलं. इदवालला सांग, म्या नणंद झाले, मानाची चोळी धाडल्याबिगर सुटका न्हाई. सकाळी दळताना सुचली ती ओवी खाली लिवायला सांगितली. दोघांना सुखी ठेव म्हणावं देवाला.

डोंगराच्या पल्याड डोंगर, पल्याड दर्याचं पाणी,
पाण्याच्या पल्याड नांदंल माझी नवी वहिनी.

बयाआक्का