बापूच्या यंत्राची वहीतली किंमत

शुक्रवार, २ सप्टेंबर १९८३, देवास

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, बापूच्याच दिवाणखान्यात, बापूच्याच फोटोखाली, मार्तंडने बापूचं यंत्र विकायला काढलं आणि मला मूर्खात काढलं. वेळ लिहून ठेवते. मी मुद्दाम भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं होतं.

'भगवंत गिअर्स'ची वार्षिक सभा! सभा कसली — बापूची बायको विनोदिनी, तिची मुलगी अलका, मी, आणि रांगोळी काढलेल्या पाटावर आमचे जावई मार्तंड. माझा धाकटा भाऊ बापू गेल्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून कारखाना जावयाच्या हातात. निम्म्याहून जास्त शेअर विनोदिनीच्या नावावर, थोडे अलकाच्या. आणि माझे? दर भाऊबीजेला बापू ओवाळणीच्या ताटात साडीऐवजी शेअर घालायचा. "ताई, साडी फाटते."

मार्तंडने ताळेबंद वाचला. तोटा एकतीस हजार. मग म्हणाला, मोठं जर्मन यंत्र म्हातारं झालं. एक लाख दहा हजारांचं होतं, घसारा वजा जाता वहीत उरले सहा हजार नऊशे बेचाळीस. गिऱ्हाईक सात हजार देतंय. "म्हणजे अठ्ठावन्न रुपये नफाच की!"

दात्यांची चाकं कापणारं कारखान्यात ते एकच यंत्र. ते गेलं की उरतं काय, पत्र्याची शेड! मी विचारलं, घसारा म्हणजे नक्की काय? लाखभर रुपये गेले म्हणतोस, ते कुणाकडे गेले?

हसला. "आत्या, ही इंग्रजी कविता नव्हे. कशाला डोकं शिणवता?"

आणि विनोदिनी लगेच — "वन्सं, पुरण गार होतंय."

वृत्तांतात काय लिहिलं? 'सर्वानुमते संमत.' सर्वानुमते! मी तोंड उघडेपर्यंत वही मिटली. तीस तारखेला ट्रक येणार.

शनिवार, ३ सप्टेंबर

ताळेबंद तीनदा वाचला. एकतीस वर्षं मुलींना भूगोल शिकवला, सगळ्या नद्यांचे उगम पाठ आहेत, पण या कागदावरचे पैसे कुठून निघून कुठे जातात ते दिसत नाही.

आमच्या कॉन्व्हेंटात मदर म्हणायच्या — 'कळत नाही' म्हणणाऱ्या मुलीने बाकावर उभं राहायचं, 'पुन्हा सांगा' म्हणणारीने बसायचं. मी बसणार.

सोमवार, ५ सप्टेंबर

विनोदिनीकडे गेले. म्हटलं, तू विचार त्याला. अर्ध्याहून जास्त कंपनी तुझी आहे.

"इश्श! जावयाला का कुणी हिशेब विचारतं, वन्सं?"

"तो मॅनेजिंग डायरेक्टर आहे."

"असेल. जावई आधी झाला."

काय बोलणार! आमच्या घराण्यात जावई म्हणजे अधिकमासातला विष्णू. त्याला तेहतीस अनारसे द्यायचे, वर दिवा द्यायचा, आणि पाय धरायचे. प्रश्न विचारायचा नाही.

अलका आतून आली. हिचं मराठी ऐकावं! "आत्या, प्लीज रहने दो ना. यांना काही विचारलं की खाना छोड़ देते हैं. परवा दोन दिवस जेवले नाहीत."

उपाशी राहिला म्हणून यंत्र विकायचं! भली रीत आहे.

गुरुवार, ८ सप्टेंबर, धार

पहाटेची बस, इंदूरला बदलली, अकराला धार. तात्यासाहेबांकडे. आईचे मामेभाऊ, वय ऐंशी. संस्थान असताना धारच्या खजिन्यात होते, पुढे सरकारी ट्रेझरीत. ओसरीवर बसून भाजलेला भुट्टा खात होते.

"काय शशे, कुणाशी भांडून आलीस?"

"अजून भांडले नाही. आधी कळायला हवं कशावरून भांडायचं ते."

कागद दिला. चष्मा न लावता पाहिला. मग कागद बाजूला ठेवून तोंडातली कवळी काढून हातावर धरली. मी म्हटलं, तात्या, काय हे! परत बसवली नि म्हणाले —

"हे दात सत्तर साली इंदुरात करवले. तीनशे रुपये. वैद्य म्हणाला, दहा वर्षं चालतील. म्हणजे मी दरवर्षी वहीत तीस रुपये घसारा लिहायचा. ऐंशी साली किंमत शून्य. वहीप्रमाणे गेली तीन वर्षं मी बोळका आहे." आणि कचकन दाणे तोडले.

"आणि ते तीस रुपये दरवर्षी जायचे कुठे?"

"जातील कुठे? तीनशे दिले ते एकदाच, सत्तर साली. पुढे नुसतं लिहायचं. एकाच वर्षावर सगळा भार नको म्हणून जुन्या खर्चाची वर्षांवर वाटणी, एवढाच घसारा. त्या वर्षी खिशातून दमडी जात नाही. आणि वहीत जे उरतं तो बाजारभाव नव्हे, अजून वाटायचा राहिलेला खर्च."

लखकन उजेड पडला. तीन ओळींत! आणि तो पाटावरचा शहाणा म्हणे कविता नव्हे.

मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं. तोटा एकतीस हजार. पण त्याच कागदावर वर्षाचा एकूण घसारा सेहेचाळीस हजार — नवी लेथ, इमारत, सगळं धरून. तो मिळवून पाहिला तर उलट पंधरा हजार धंद्याने कमावलेले दिसतात. "उधारी-उसनवारी सोडून बोलतोय हं. तोटा आहे, पण कारखाना मरायला टेकलेला नाही. यंत्र जुनं होतंय याची कागदाने घेतलेली दखल आहे ती."

मी विचारलं, आपल्या यंत्राला सतरा वर्षं झाली, मग तुमच्या दातांसारखं शून्य का नाही? म्हणाले, तुमच्याकडे उरलेल्या किमतीवर पंधरा टक्के लावतात. ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडायचा, मग उरलेल्याचा मोडायचा, मग त्या उरलेल्याचा. तुकडा बारीक होतो, ताट रिकामं होत नाही.

खाली आणखी एक ओळ होती, मी पाहिलीच नव्हती. 'तांत्रिक ड्रॉइंग्ज — शून्य.' अमॉर्टायझेशन पूर्ण. तो शब्द मी मदरांच्या उच्चारात वाचला, तर तात्या म्हणाले, उच्चार सुंदर आहे, अर्थ सांगतो. हात लावता येतो त्याचा घसारा. हात लावता येत नाही — हक्क, परवाना, विद्या — त्याचं हे. "तुमचा प्लॉट सरकारी लीजवर आहे, नव्व्याण्णव वर्षांच्या. जमीन झिजत नाही. जमिनीवरचा तुमचा हक्क झिजतो, दरवर्षी एक वर्ष. त्यासाठी भरलेली रक्कमही तशीच वर्षावर्षाने उतरवतात."

"आणि ड्रॉइंग्ज?"

"ती विद्या बापूने विकत घेतली असणार. खर्च दहा वर्षांवर वाटला, संपला. शहात्तरलाच शून्य."

पण त्याच ड्रॉइंग्जवरून आजही प्रत्येक चाक कापलं जातं! बापू रविवारी पेन्सिल कानावर ठेवून त्यात सुधारणा करत बसायचा, चहा निवून जायचा. आणि मार्तंडच्या ठरावात काय आहे? 'यंत्र, ड्रॉइंग्जसह.' फुकट!

"चोर आहे तो!" मी म्हटलं.

तात्यांनी भुट्टा खाली ठेवला. मग — "शशे, यात एकही आकडा खोटा नाही. खोटा असता तर ऑडिटरने पकडला असता. आकडे खरे आहेत, म्हणून जपून राहा."

शुक्रवार, ९ सप्टेंबर

उद्या गणपती. मोदकाचं सारण ढवळताना पंधरा टक्के, पंधरा टक्के. गूळ लागला.

मंगळवार, १३ सप्टेंबर

इंदूर, सियागंज. जुन्या यंत्रांच्या तिसऱ्या दुकानात शेटजींना यंत्राचं नाव, साल सांगितलं.

"चालू हालत में है? माताजी, पचहत्तर हजार. और ट्रक भी मेरा."

मी आकडा लिहून घेतला. तोच त्यांच्या मुनीमाने मान वर केली — "वो देवास वाली? वो तो भाऊसाहब ले रहे हैं. आगे बेचने की बात भी कर गए भिया."

भाऊसाहेब! मार्तंडच्या थोरल्या भावाला सगळे हेच म्हणतात! अलकाच्या लग्नात माझ्या शेजारी बसून तीन वाट्या श्रीखंड खाल्लं होतं त्याने.

शनिवार, १७ सप्टेंबर

कारखान्यात गेले. यंत्र चालू होतं. तेल गळत होतं, दाते सरळ कापले जात होते. वहीप्रमाणे जवळजवळ मेलेलं!

मार्तंड ऑफिसात. म्हटलं, गिऱ्हाईक तुझा भाऊ आहे, हे सभेत का नाही सांगितलंस?

"घरातच राहतंय, आत्या."

"कुणाच्या घरात?"

त्यावर म्हणाला, वहीतली किंमत हीच योग्य किंमत, ऑडिटरची सही आहे. मी म्हटलं, हे लिहून देशील?

"देतो की! घ्या." कंपनीच्या कागदावर दोन ओळी खरडल्या — यंत्राची आणि ड्रॉइंग्जची योग्य किंमत वहीप्रमाणे. खाली ऐटीत सही. त्याला वाटलं, म्हातारीचं तोंड बंद झालं.

निघताना हळूच म्हणाला, "सासूबाईंच्या कानात काही घालू नका. मी उद्या अलकाला घेऊन पुण्याला निघून गेलो तर त्या इथे एकट्या पडतील. नाही का?"

घाबरले. इथे लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. स्वतःसाठी नाही. विनोदिनीसाठी.

मंगळवार, २० सप्टेंबर

तरी सांगितलं. सगळं. तात्यांचे दात, सियागंज, भाऊ, पुण्याची धमकीसुद्धा. विनोदिनी तांदूळ निवडत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "अलका माझी एकुलती एक आहे, वन्सं." आणि सूप घेऊन आत गेली.

दार मीच ओढून घेतलं.

गुरुवार, २२ सप्टेंबर

बापू, साडीच दिली असतीस तर बरं झालं असतं!

शुक्रवार, २३ सप्टेंबर

पत्र लिहून तयार आहे. कंपनीला प्रस्ताव. यंत्र मी विकत घेते. भाऊ सात हजार देतो ना? मी सात हजार एक. ड्रॉइंग्ज वहीत शून्य, तरी मी एकशे एक देते. प्रॉव्हिडंट फंडातले आहेत, कुणाचे उसने नाहीत. यंत्र हलवायचं नाही, आहे तिथेच राहील, कारखान्याला भाड्याने देईन. सोबत मार्तंडच्या सहीच्या त्या दोन ओळी.

नाही म्हणायचं तर त्याला लिहावं लागेल की किंमत याहून जास्त आहे. मग भावाला सात हजारांत कसं देणार? हो म्हटलं तर यंत्र राहिलं. कुठूनही पकडला तरी पकडलाच.

पण तो उत्तरच देणार नाही. पत्र फाडेल, सभेत मतं मोजेल. विनोदिनी, अलका — आणि एकटी मी. आठवड्याने ट्रक.

शनिवार, २४ सप्टेंबर

सकाळी विनोदिनी आली. हातात डबा नाही, पहिल्यांदाच. उभ्या-उभ्याच म्हणाली, "वन्सं, जावयाला हिशेब विचारता येत नाही. पण गिऱ्हाईक होऊन भाव तर विचारता येतो?"

मी म्हटलं, पितृपक्ष लागलाय, खरेदी चालेल तुला?

"यांची वस्तू यांच्याच घरी. त्याला कसली खरेदी!"

माझ्या सहीखाली सही केली. निम्म्याहून जास्त शेअर त्या एका सहीत आले. अक्षर वळणदार. मग शेवटची ओळ तिने सांगितली, मी लिहिली:

'लेखी उत्तर बुधवार, २८ सप्टेंबर, सायंकाळी पाच वाजेपर्यंत मिळावे. जेवणाच्या पाटावरून दिलेले तोंडी उत्तर धरले जाणार नाही.'