रॅचेटच्या पट्ट्यांचा गुंता

अहो सांगहूचे बाबा,

मी सकाळच्या बसने पुढच्या डोंगरावर मधाच्या पेट्यांसाठी जागा बघायला जाते. तिथे अकेशियाची झाडं फुललीत, मध चांगला मिळेल. भात कुकरमध्ये आहे, किमची काढून ठेवलीय.

ट्रकची फळी उघडली तर पेट्या आवळून बांधायचे रॅचेटचे सगळे पट्टे एकमेकांत अडकलेले. गेल्या खेपेला रात्रीच निघायचं होतं, पण याच गुंत्यापायी उजाडलं, मधमाश्या बाहेर पडल्या आणि दोन पेट्या मागे सोडाव्या लागल्या. विचारलं तर म्हणालात, "हल्लीचे पट्टेच फालतू." पट्ट्यांना कशाला नावं ठेवता?

लग्न झालं तेव्हा आपल्याकडे साधे दोर होते. ते तुम्ही इतके नीट गुंडाळायचात की सासूबाई म्हणायच्या, "याचं लग्न दोराशीच लावायला हवं होतं." पट्टे आले तेव्हा तुम्हीच मला शिकवलंत. पट्टा मधोमध दुमडायचा, घडीकडून घट्ट गुंडाळत यायचं, टोकाचे लोखंडी आकडे शेवटी बाहेर ठेवायचे आणि वर जुन्या ट्यूबचं रबर चढवायचं. माझी गुंडाळी जरा सैल झाली की पुन्हा करायला लावायचात.

बाकीचे पट्टे मी सोडवून गुंडाळलेत. एक मुद्दाम ओसरीवर ठेवलाय. दुपारी मी आले की माझ्यासमोर गुंडाळा. महिनाभर चॉपस्टिक बाजूला ठेवून किमचीसुद्धा चमच्याने खाताय, ते मला दिसत नाही असं समजू नका.

जमला, तर संध्याकाळी माश्या परतल्यावर पेट्या चढवू. नाही जमला, तर पेट्या राहू देत, उद्या आधी तुमच्या हातांसाठी दवाखाना. अकेशिया पुढच्या वर्षीही फुलेल.

ओकबुन