वाणीच्या नावापाशी थांबलेले यंत्र

तंजावूर, दक्षिण वीथी
ऑगस्ट १९९५

तीर्थस्वरूप सूर्यनारायणमामांच्या चरणी कल्याणरामाचा साष्टांग नमस्कार. (कॉम्प्युटर सेंटरात जमिनीवर वायरी पसरलेल्या असल्यामुळे प्रत्यक्ष घालता आला नाही. मनाने घातला आहे, पण दिशा विचारून, तुमच्या गावाकडे तोंड करूनच.)

भुवनेश्वरीमामीच्या गुडघ्याला आता कसे आहे? मी दिलेले तेल लावता, की बाटली अजून तशीच देवळीत आहे? मोपेडचा तो खडखडाट गेला का? कालव्याकडे कललेल्या नारळाखालून जाऊ नका, असे मी मागच्या पत्रात लिहिले होते, ते पुन्हा लिहितो. इकडे अम्मा बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते, पण मराठी संघाच्या वधूवर संमेलनापासून माझ्याशी "भात वाढू?" एवढेच बोलते आणि उत्तराची वाट न पाहता वाढते. तुमचे तर पत्रच नाही. माझ्या प्रत्येक पत्रातले ऱ्हस्वदीर्घ लाल शाईने सुधारून परत पाठवणारे मामा गप्प बसले, यावरूनच राग केवढा असेल ते मला कळले. हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितो आहे. आपल्या घराण्यात सगळे मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारे आता तुम्ही आणि मी दोघेच, त्यामुळे ते पोस्टमनपासून मामीपर्यंत कोणाला कळणार नाही. (मामीला वाचून दाखवाल, तर ताजा कलमाच्या आधी थांबावे.)

संमेलनात तुमच्या वाणीची पत्रिका पाहून कॉम्प्युटर बंद पडला, असे गावभर झाले आहे. तुम्ही स्वतः पहिल्या रांगेत होता, पण पहिल्या रांगेतून पडदा दिसतो, पडद्याच्या मागे काय चालले आहे ते दिसत नाही. म्हणून सगळे आरंभापासून सांगतो.

कॉलेज दुसऱ्या वर्षी सुटल्यावर मी सहा महिन्यांचे सर्टिफिकेट घेतले आणि शेषाद्रीसारांच्या सेंटरात लागलो, हे तुम्हांला माहीत आहेच. आपल्या मराठी संघाचे अध्यक्ष सांबशिवराव सारांकडे आले आणि म्हणाले, यंदा संमेलनात प्रत्येक मुलीची पत्रिका प्रत्येक मुलाशी कॉम्प्युटरवर जुळवून द्या. दहाच्या दहा पोरुत्तम पाहायचे, म्हणजे दहा प्रकारांनी जुळते की नाही ते बघून, किती जुळले ते सांगायचे. सारांनी होकार दिला आणि प्रोग्राम लिहायला मला बसवले. हे काम यंत्राला सकाळी दिले तर दिवस मावळेपर्यंत पुरते. यात यंत्राची काही चूक नाही. तेवढ्या जोड्या जोशीबुवांना दिल्या असत्या तर त्यांनी आधी घर बदलले असते.

पहिल्या चाचणीला सांबशिवराव आणि त्यांच्या भगिनी वेंकूबाई आल्या. दोघांनी चपला बाहेर काढल्या, मॉनिटरला वेंकूबाईंनी कुंकू लावले आणि मी प्रोग्राम सुरू केला. त्या वेळी तो अगदी मुका होता. काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी एक हिरवी रेघ, बस्स. सांबशिवराव त्याच्याकडे इस्पितळात पडलेल्या नातेवाइकाकडे पाहावे तसे पाहत राहिले. दुपारी मी जेवायला गेलो आणि परत आलो तो पडदा विझलेला. वेंकूबाई म्हणाल्या, "अरे, काही करत नव्हतं ते. उगाच करंट जाळत होतं, म्हणून स्विच बंद केला." अर्ध्या दिवसाचे काम वाया गेले, पण मामा, खरे सांगतो, मला राग आला नाही, कुतूहल वाटले. ह्याच वेंकूबाई उत्सवात देवाच्या स्वारीसाठी तासन्‌तास कोपऱ्यावर उभ्या राहतात आणि कधी कुरकुरत नाहीत. असे का? तर स्वारी दिसली नाही तरी नागस्वर ऐकू येतो, आणि आवाजावरून कळते की देव आता रथाच्या चौकात आहे, आता तेलवाल्याच्या वळणावर. म्हणजे माणसाला वाट पाहायचा कंटाळा नाही. पलीकडे काही चालले आहे की नाही, हे न कळण्याचा आहे.

म्हणून मी नागस्वराऐवजी ठिपका घातला. एक जोडी पाहून झाली की पडद्यावर एक ठिपका. सांबशिवरावांनी चष्मा पुसून विचारले, "ठिपका म्हणजे जुळलं, की नाही जुळलं?" मी म्हटले, "ठिपका म्हणजे पाहून झालं." ते म्हणाले, "पाहून झालं आणि तोंडातून शब्द नाही? आमचे व्याही असेच आहेत." थोड्या वेळाने पडदा ठिपक्यांनी भरला आणि दोघांना झोप लागली. शिवाय एक नवीनच गोष्ट कळली. प्रत्येक जोडीला ठिपका लिहिण्यात यंत्राचा इतका वेळ जाऊ लागला की काम संध्याकाळच्याही पुढे गेले. (शेषाद्रीसार म्हणाले, "जो सारखं सांगत बसतो तो काम कमी करतो. हे मला तू कामाला लागलास तेव्हाच समजलं.") 

मग मी ठिपके काढून टक्के घातले. टक्के सगळ्यांना आवडले, कारण परीक्षेसारखे वाटते. नव्वदपर्यंत भराभर चढले, आणि मग बसले ते बसलेच. त्यालाही कारण होते. मी मुली मोजत होतो, जोड्या नव्हे. ज्या घरांनी फॉर्म आधी दिले, त्यांनी "मद्रासचाच हवा", "बँकेतलाच हवा" अशा अटी घातल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यासाठी थोडीच मुले पाहायची होती. शेवटी शेवटी फॉर्म देणाऱ्यांनी अटी सोडून दिल्या होत्या, म्हणून त्यांच्या एकेका मुलीला सगळ्या मुलांशी जुळवायचे. नव्याण्णवला वेंकूबाईंनी कॉफी ओतली. ती गार झाली, दुसरी केली, तीही गार झाली. "तुझं शंभर कधी येणार रे? माझं डिकाशन संपलं," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांनीच तो उपाय सांगितला ज्यामुळे आज मला हे पत्र लिहावे लागते आहे. "आकडे कसले दाखवतोस? कोणाचं चाललंय ते नाव दाखव की!"

मी नावे घातली. इथे तुमच्या घरची एक गोष्ट माझ्या मनात होती. मी लहानपणी सुट्टीला यायचो, तेव्हा मेट्टूर धरण उघडले की तुमच्या गावाला पाणी पोचायला किती दिवस लागायचे, आणि तोवर कालव्याच्या वरच्या शटरवरचा माणूस सायकलवरून निरोप आणायचा. एकदा त्याने येऊन "पाणी आलं" म्हटले, तेव्हा तुम्ही विचारले होते, "सोडलं, की पोचलं?" तो म्हणाला, सोडलं. तुम्ही त्याला ताक पाजले आणि "पोचलं की ये" म्हणून परत पाठवले. मीही तोच नियम धरला. एका मुलीचे सगळे पाहून झाले की मगच तिचे नाव पडद्यावर यायचे. सोडले ते सांगायचे नाही, पोचले ते सांगायचे. नियम चांगला होता. फक्त तो मला एकट्यालाच माहीत होता. पडद्यावर नुसते नाव, ते झालेल्याचे की चाललेल्याचे, हे कुठे लिहिलेले नव्हते, आणि सभागृहातले सगळे लोक ते चाललेल्याचे समजत होते.

पुढचे तुम्ही पाहिलेच. लावण्याचे नाव आले, तिच्या घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. आणखी नावे आली, टाळ्या झाल्या. मग वाणीचे आले. मामी हसली. तुम्ही शेजारच्या तिरुच्चीच्या मंडळींकडे पाहून मान हलवली, कारण त्यांच्या मुलाचे स्थळ वाणीसाठी जवळजवळ ठरलेच होते. आणि नाव तिथेच राहिले. टाळ्या संपल्या, पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला, तरी नाव तिथेच. सांबशिवरावांनी व्यासपीठावरून विचारले, "डेय कल्याणा, काय झालं?" मी म्हटले, "चाललंय." (हा शब्द मी त्या दिवशी पुष्कळदा म्हटला. आता वाटते, त्या पहिल्या लुकलुकणाऱ्या रेघेपेक्षा मी जास्त काही सांगत नव्हतो.) तेवढ्यात तिरुच्चीच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, हळू आवाजात पण सगळ्यांना ऐकू जाईल असे, "यंत्रालासुद्धा हिच्यापुढं जाववत नाही!" 

तेव्हा वाणी उठून माझ्या टेबलाशी आली. "कल्याणा, तुझ्या यंत्राला मी फारच आवडले की काय?" सगळे सभागृह हसले, तिरुच्ची हसली नाही. मग तिने खाली वाकून विचारले, "हे नाव झालेल्याचं की चाललेल्याचं?" दिवसभरात हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. मी म्हटले, "झालेल्याचं." ती म्हणाली, "मग मी सुटले. पुढे कोण अडकलंय ते बघ." मी बघेपर्यंत तिरुच्चीची मंडळी व्हॅनमध्ये बसली होती आणि तुम्ही पान वाढलेले सोडून निघाला होता.

पुढे कोण होते, तिचे नाव मी लिहीत नाही, कारण एका मुलीचे नाव धुण्यासाठी दुसरीचे मळवणे बरे नव्हे. (तुम्ही चाचण्या संपल्यावर दोन घरचे फॉर्म एकत्रच दिले होते, आपला वर आणि त्यांचा खाली, एवढेच आठवावे आणि कोणाला सांगू नये.) त्या फॉर्मवर जन्मतारीख होती २९ फेब्रुवारी १९७३. मामा, त्र्याहत्तर साली असा दिवसच नव्हता! यंत्र पंचांगात तो शोधी, शेवटपर्यंत जाई, सापडला नाही की पुन्हा पहिल्या पानापासून शोधी. मी प्रोग्राम लिहिताना धरून चाललो होतो की माणूस जन्मला म्हणजे कोणत्यातरी खऱ्या दिवशीच जन्मला असणार. काही दिवसांनी त्या मुलीनेच आपली यादी विचारायला सेंटरात फोन केला. मी अडखळत तारखेचे सांगितले, तर ती हसत सुटली. "बहात्तर धरा. अप्पांनी वय कमी करायला वर्ष बदललं, तारीख बदलायचं राहिलं. तसे माझे वाढदिवस पाचच झालेत, हवं तर पाच वर्षांची लिहा." बहात्तर घातले आणि यंत्र क्षणात पुढे गेले.

सांबशिवरावांना मी एवढेच सांगितले की दोष प्रोग्रामात होता, आणि तो मी लिहिला होता. हे खरेच आहे. नसलेली तारीख आली, तर तसे सांगून पुढे जायला हवे होते, आता तो तसे करतो. आणि आता पडद्यावर दोन ओळी येतात, एक झाले कोण आणि दुसरी चालू कोण. वाणीची पत्रिका स्वच्छ आहे, कॉम्प्युटर तिच्यापाशी थांबलाच नव्हता, असे सांबशिवरावांनी संघाच्या कागदावर सही करून तिरुच्चीला कळवले आहे. त्या मंडळींचा राग निवळला असावा. तेव्हा तुम्हीही लगेच त्यांना पत्र लिहावे आणि स्थळ पुढे न्यावे, ही विनंती.

मामीला नमस्कार. गुडघ्याचे तेल कोमट करून लावावे. चुकांवर लाल शाई फिरवायला मी समासात जागा सोडली आहे.

तुमचा भाचा,
कल्याणराम

ता. क. वर "लगेच" असे लिहिले आहे, तो शब्द खोडून वाचावा.

ता. क. २. तिरुच्चीच्या मुलाशी वाणीचे दहापैकी सहा जुळतात. पुरेसे आहेत, असे जोशीबुवाही म्हणतात. मी काही म्हणत नाही.

ता. क. ३. माझा फॉर्म यादीत नव्हता. कॉलेज अर्धवट सोडलेल्याने भरू नये, असे मला वाटले. पण सुधारलेला प्रोग्राम तपासायला नक्की खरी अशी एक जन्मतारीख हवी होती, म्हणून माझी घातली, आणि मुलगी म्हणून जे नाव यंत्रात आधीपासून उघडे होते तेच राहू दिले. नऊ जुळले. यंत्र चुकले असेल म्हणून पुन्हा चालवले. पुन्हा नऊ. वाणी परवा तिची यादी न्यायला सेंटरात आली, तेव्हा तिला हे सांगावे लागले. ती म्हणाली, "राहिलेल्या एकाचं मी बघून घेईन. अप्पांना तू लिही."

ता. क. ४. म्हणून लिहिले. तुम्हांला विचार करायला वेळ लागेल, लागू द्या, मी घाई करणार नाही. नाही म्हणायचे असेल तर तसेही लिहावे. फक्त पहिल्या प्रोग्रामसारखे गप्प राहू नका. पोस्टकार्डावर नुसता एक ठिपका देऊन टाका, लाल शाईचा चालेल. मी समजेन की चालू आहे, आणि तोवर इथे कोणालाही स्विचला हात लावू देणार नाही.