दहाव्याच्या दिवशीचा पेपर

११ एप्रिल २००५, सोमवार

आरोहीचं सर्टिफिकेट आलं. पोस्टमन जानकू शाळेतच देऊन गेला. "गुरुजी, पोरीच्या नावचं हाय," म्हणाला आणि लगेच सायकलवर बसला. माझ्याकडे बघितलं नाही.

जाड कागद, सोनेरी कड. डिप्लोमा इन कॉम्प्युटर नेटवर्किंग अँड सिक्युरिटी. एक्क्याऐंशी टक्के. शेवटचा पेपर दिल्याची तारीख — १८ फेब्रुवारी.

आरोही ९ फेब्रुवारीला गेली.

१८ तारखेला सकाळी आम्ही मीना नदीच्या घाटावर तिचा दहावा करत होतो.

१२ एप्रिल

चौथीचे पेपर तपासायला घेतले. तीन झाले. तिसऱ्यावर सही दोनदा केली.

१४ एप्रिल, गुरुवार

शाळेतला जयंतीचा कार्यक्रम उरकून नारायणगावला तिच्या क्लासवर गेलो. वर्षभर ती वारूळवाडीहून इथं चालत यायची, मी आज पहिल्यांदा जिना चढलो. बारा कॉम्प्युटर. पडदे ओढलेले. भिंतीजवळ काचेचं कपाट, त्यात एकच राऊटर, आणि कपाटाला कुलूप. राऊटरवर झेंडूचं सुकलेलं फूल. दसऱ्यापासून तसंच असणार. आरोही सांगायची, "बाबा, आमच्याकडे राऊटरची पूजा होते. हात मात्र लावायला मिळत नाही." तेव्हा मी हसलो होतो.

क्लासचे मालक संपत सर. तिशीचा माणूस, बोटांत तीन अंगठ्या. मी सर्टिफिकेट समोर ठेवलं, तारखेवर बोट ठेवलं.

"पेपर ऑनलाइन असतो गुरुजी. नंबर आणि पासवर्ड टाकला की सुरू. सिस्टिममध्ये पोरगी हजर दिसतेय."

"ती कुठं होती ते तुम्हाला माहीत आहे."

"सिस्टिम खोटं बोलत नाही." मग आवाज उतरवून, "अहो, डिस्टिंक्शन आहे. वर्षाची मेहनत होती तिची. असू द्या की घरात. पेढे वाटायचं सोडून तुम्ही तारखा कसल्या बघताय, राव?"

पेढे म्हणाला. माझ्या तोंडावर म्हणाला.

जिना उतरल्यावर बोअरवेलच्या पंपावर तोंड धुतलं. तोंडात काहीतरी कुजल्यासारखं वाटत होतं.

१५ एप्रिल

प्रयागनं, आरोहीच्या आईनं, सर्टिफिकेट फ्रेमला द्यायचं म्हणून पदराखाली घेतलं होतं. मी मागितलं. देईना.

"एवढं एकच तिच्या नावचं आलंय. बाकी सगळे मृत्यूचे कागद हायेत घरात."

"तिनं दिलेला पेपर नाही तो."

"मग नसंल! नऊ पेपर दिले व्हते ना तिनं? दहावा कुणी का देईना."

मी म्हटलं, तक्रार करणार.

"करा. तुमी दुसरं काय करणार. तुमच्या खरेपणापायी मी आहुप्यात तीन पावसाळे काढलेत. चूल पेटत नव्हती. ह्या वक्ताला कुठं धाडतील? आता जायला हाय कोण आपल्याबरोबर?"

ते खरं आहे. १९९१ला चौथीच्या स्कॉलरशिपला एक शिक्षक वर्गात उत्तरं सांगत होता. मी वर कळवलं. तो तिथंच राहिला, माझी बदली घाटमाथ्यावरच्या आहुप्याला झाली. आरोही तेव्हा सात वर्षांची. देवराईच्या कडेनं शाळेत जाताना विचारायची — आपण काय चोरलं म्हणून इथं आलो?

मी तिला नीट समजावून सांगितलं होतं. समजलं होतं तिला.

१७ एप्रिल, रविवार

तिची वही काढली. सुवाच्य अक्षर. वायरचे आठ रंग क्रमानं लिहिलेले — पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा... पुढं सिक्युरिटीचा धडा. त्यात चौकट आखून लिहिलंय: "पासवर्ड म्हणजे आपली सही. सही कुणाला उसनी देत नाहीत. घरच्यांनाही नाही."

उसनी हा शब्द माझा. सहीबद्दल मीच तिला तसं सांगायचो.

म्हणजे तिनं दिला नाही. कुणीतरी चोरला. मेलेल्या पोरीची सही चोरली, क्लासचा निकाल शंभर टक्के दिसावा म्हणून.

शिसारी येते.

१८ एप्रिल

मधल्या सुट्टीत परीक्षेच्या पुण्याच्या ऑफिसला फोन. मुलगी होती. अर्धं इंग्रजी, गोड आवाज.

"तक्रार कँडिडेटच्या रजिस्टर केलेल्या मेलवरूनच घेतो सर."

"कँडिडेट वारली आहे. तीच तक्रार आहे."

"ओके सर. पण मेल त्याच आयडीवरून यायला हवा."

दोनदा सांगितलं. दोनदा तेच उत्तर. रागही येईना. त्या मुलीचं वय आरोहीएवढंच असणार. शेवटी म्हणाली, तक्रार आली की चौकशी होईपर्यंत त्या सेंटरच्या अख्ख्या बॅचची सर्टिफिकेटं, हातात पडलेलीसुद्धा, थांबतात, कल्पना असू द्या.

थांबू देत. ज्यांनी अभ्यास केला त्यांना चौकशीची भीती कसली?

२० एप्रिल, बुधवार

ताहेरा आली होती. जुन्नरच्या गफूरभाईंची मुलगी, त्यांचं वह्या-कागदांचं दुकान आहे. क्लासमध्ये आरोहीच्या शेजारी बसायची. दोघी आमच्या ओट्यावर वायरींना टोकं बसवायच्या — ती चिमट्यासारखी पक्कड एकच, संपत सरांकडून मागून आणलेली. प्रयाग अजून रंगीत तुकडे डब्यात ठेवते.

बारीक झाली आहे. चहाला हात लावला नाही.

प्रयाग म्हणाली, "दहाव्याला आली न्हाईस गं तू. सगळं गाव व्हतं."

"पेपर होता, काकू. दोन होते."

मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

माझ्याकडे वळून म्हणाली, "गुरुजी, तुम्ही पुण्याला कळवणार असं सर क्लासमध्ये सांगत होते."

"हो."

"मला पुण्यात कंपनीत घेतलंय. नेटवर्क सपोर्टला. तीन मेला हजर व्हायचंय, ओरिजिनल सर्टिफिकेट दाखवायचंय. चौकशी लागली तर ते अडकेल." मग म्हणाली, "अब्बांनी पहिल्यांदा हो म्हटलंय. घरातून पुण्याला नोकरीला जाणारी मी पहिलीच. एकदा मागं राहिले की परत हो म्हणणार नाहीत."

"तू तुझा पेपर स्वतः दिलास ना?"

"दिला."

"मग तुझं काय अडतं? दहा दिवस उशीर होईल. खऱ्याला कसली भीती?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "गुरुजी, आरोहीनं —" एवढंच म्हणाली. मग "नाही, काही नाही" म्हणून चपला घातल्या.

दाराशी प्रयागनं तिला जवळ घेतलं, तेव्हा मात्र रडली. मला तेही आवडलं नाही. मैत्रिणीची सही चोरीला गेली, आणि हिला काळजी तीन मेची. हल्लीचं शिक्षण म्हणजे एवढंच — नोकरीच्या दारापर्यंत पोहोचायचं, वाटेत कोण पडलं ते बघायचं नाही.

२१ एप्रिल

प्रयाग बोलत नाही. ताट वाढते आणि परसात जाते.

२३ एप्रिल, शनिवार

बाजाराला गेलो होतो. नारायणगावच्या एसटी स्टँडसमोर क्लासचा नवा बोर्ड लागलाय. "यशाची उज्ज्वल परंपरा." सात फोटो. दुसरा आरोहीचा. खाली ८१ टक्के.

फोटो मी दिलेला, अ‍ॅडमिशनला. तोच आम्ही दहाव्याच्या पत्रिकेवर छापला होता.

टोमॅटोच्या क्रेटवर बसलेली दोघं बोर्डाकडे बघत बोलत होती. "ही वारूळवाडीच्या मास्तरची न्हाय का?" "ती तर गेली की." "गेली? मग पास कशी झाली?" "वरून दिला आसंल पेपर." हसले. मी मागेच उभा होतो. त्यांनी मला पाहिलं तेव्हा एकजण उठून म्हणाला, "गुरुजी, पिशवी धरू का?"

त्यांचा राग आला नाही. हसू येण्यासारखंच करून ठेवलंय.

सोमवारी काय ते उरकायचं.

२५ एप्रिल, सोमवार

शाळा सुटल्यावर उमरच्या सायबर कॅफेत गेलो. त्याला चौथीत मीच शिकवलं. उठून उभा राहिला, खुर्ची पुसली.

म्हटलं, आरोहीच्या मेलमधून तक्रार पाठवायची आहे, पासवर्ड माहीत नाही.

"विसरला म्हणून सांगायचं गुरुजी. मग ते एक प्रश्न विचारतं. उत्तर बरोबर आलं की नवा पासवर्ड."

पडद्यावर प्रश्न आला. आईचं माहेरचं आडनाव?

मी बोलायच्या आत उमर म्हणाला, "काकू ओतूरच्या ना? मग डुंबरे."

शेजारच्या खुर्चीवरचा एकजण न वळताच म्हणाला, "ओतूर म्हटल्यावर दुसरं काय आसतंय?"

डुंबरे टाकलं. उघडलं.

हे कुलूप! साता समुद्रापलीकडच्या कुणीतरी ठरवलं की आईचं माहेर म्हणजे गुपित. जुन्नर तालुक्यात माणसाला नाव विचारायच्या आधी मामाचं गाव विचारतात. आरोहीला हे कसं सुचलं नाही, की सुचून तिनं दुसरा प्रश्न मिळत नाही म्हणून सोडून दिलं? ती असती तर विचारलं असतं. तिला आवडला असता हा विषय.

आता संपत सरांची चोरी स्पष्ट झाली. परीक्षेचा नंबर आणि पासवर्ड मेलवर येतो, मेल डुंबरे म्हटलं की उघडतो. अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर आजोळ ओतूर मीच लिहिलं होतं.

नवा पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा उमर म्हणाला, "टाका तुमी, मी तिकडं बघतो," आणि खरंच पाठ करून उभा राहिला. या सगळ्यात एवढं एकच स्वच्छ बघितलं.

पत्र मी इंग्रजीत लिहिलं. एका बोटानं, पाऊण तास. मयत विद्यार्थिनीच्या नावावर परीक्षा, तारखा, सेंटरचं नाव. ज्या व्यक्तीनं तिच्या नावावर पेपर दिला तिला शोधून कायमचं बाद करावं, अशी विनंती. खाली माझं नाव, हुद्दा.

पाठवलं. बरं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली.

२६ एप्रिल

गफूरभाई शाळेत आले होते. वर्गात न येता व्हरांड्यात थांबले. सोबत नव्या वह्यांचा गठ्ठा, शाळेतल्या गरीब मुलांसाठी.

"गुरुजी, आमच्या वाडवडलांनी ह्या जुन्नरात कागद बनवला. मला कागद कळतो, त्यावर काय लिहिलंय ते कळत नाय. पोरगी दोन दिवस जेवली नाय. तुमी कायतरी कळवणार म्हणती. मी इचारलं, तुझी काय चूक व्हती? तर म्हणती, वचन दिलंय, सांगता यायचं नाय."

"कुणाला वचन?"

"ते बी सांगत नाय."

वह्या ठेवून गेले. मला त्यात लाच दिसली. प्यूनकडून परत पाठवायच्या असं ठरवलं.

२७ एप्रिल, बुधवार

उत्तर आलं का बघायला उमरकडे गेलो. आलं नव्हतं. माझं पत्र गेलं तरी का, विचारलं. तो म्हणाला, सेंटमध्ये बघा, पाठवलेलं सगळं तिथं राहतं.

दोन होती. वरचं माझं. खालचं ४ फेब्रुवारीचं, ताहेराला. त्या दिवशी आरोही औषध आणते म्हणून नारायणगावला गेली होती. अंगात ताप होता. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. लावून लावून वाचलं.

"ताहेरा, ताप उतरत नाही. १८ला मला बसता येणार नाही. तुझा झाल्यावर माझा पण तूच दे. पासवर्ड खाली आहे. वर्ष वाया घालवायचं नाही, आपण दोघींनी बरोबर जायचं ठरलंय. काही झालं तरी देच. आणि बाबांना कधीच सांगू नको. ते आधी तक्रार लिहितात, मग माणूस बघतात. शपथ घालते तुला."

उमर लांब, पाठ करून उभा होता.

वर माझी तक्रार, खाली तिचं पत्र. दोन्हींपुढे पाठवणाऱ्याचं नाव एकच — आरोही.