वानखडेच्या अक्षराची तारीफ

अमरावती, सोमवार, ९ ऑगस्ट १९६५

साहेबांनी विचारलं, "कचेरीला मराठी टाइपरायटर मागवू का?" मी पटकन म्हणालो, "कशाला? वानखडेचं अक्षर मोत्यासारखं आहे. मराठी पत्रं लिहितोच की तो हातानं." साहेबांनी मागणीपत्र बाजूला सारलं.

वीस वर्षं इंग्रजी यंत्र बडवतोय, मराठी टायपिंग मला येत नाही. वानखडेला येतं. दर रविवारी अकोल्याला जाऊन शिकला, आणि कचेरीत सांगितलं फक्त मला. विश्वासानं! असा कसा मी?

संध्याकाळी तो शाईनं निळं झालेलं बोट पुसत आला. "साहेबापुढं माह्या अक्षराची तारीफ केली म्हणते तुमी, भाऊ. भल्लं बरं वाटलं मले. चाला, चहा पाजतो."

त्या निळ्या बोटाच्या हातानं त्यानं कप पुढं केला. आणि मी प्यालो.