झाकलेल्या चौकटींची सात गाणी

जळगाव, बुधवार

ती. नानामामांना चारुलताचा साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामी फोनवर म्हणाली, पथ्य डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय, पाळते मात्र ती.

नाना, मी संगीत नाटक लिहिलंय. त्यातले मुख्याध्यापक भाच्यांची कॉमिक्स आधी स्वतः वाचतात, "हाऊ बठ्ठा कचरा शे!" म्हणतात आणि मारामारीच्या, भुतांच्या, बिनबाह्यांच्या राजकन्यांच्या चौकटींवर खळ लावून जुन्या पंचांगाचे तुकडे चिकटवतात. (मुख्याध्यापक काल्पनिक आहेत. धुळ्याचे आहेत, एवढंच.) राक्षस तोंड उघडतो आणि पुढच्या चौकटीत एकदम राहुकाळ. मग झाकलेल्या जागी काय घडलं असेल, याची मुलं गाणी रचतात. अशी सात गाणी.

तालमी रंगात आल्या आणि सभागृह समितीच्या सुनंदाबाईंनी संहिता वाचायला मागवली. परत आली तेव्हा नको त्या ओळींवर पांढऱ्या चिठ्ठ्या, डिंकाने, कडा जुळवून. (तुमचं काम इतकं सफाईदार नव्हतं, रागावू नका.) आमचे पेटीवाले अय्युबभाई, एरवी शिंपीकाम करतात, त्यांनी चिठ्ठी आली की "ला ला ला" म्हणून पाहिलं. पहिल्या गाण्यात दोनच शब्द उरले. "ताई, यापेक्षा मी नुसती पेटी वाजवतो, लोक लवकर घरी जातील," म्हणाले.

मी सुनंदाबाईंना गाठलं. म्हटलं, अहो, नाटकच या चिकटवाचिकटवीवर आहे. "म्हणून तर नीट चिकटवलं," त्या म्हणाल्या. "गुरुजनांची थट्टा इथे चालायची नाही. आणि ते मुख्याध्यापक कोण, ते मला ठाऊक आहे. त्यांची लेखी संमती आणा, चिठ्ठ्या मीच काढते."

प्रयोग रविवारी आहे. चिठ्ठ्या निघाल्या नाहीत तर मी तो रद्द करणार. चार महिने मुलं गाताहेत, त्यांना काय सांगू, कळत नाही.

थट्टा केली आहे, नाकारत नाही. पण तुम्ही झाकलेल्या चौकटींत काय असेल, याचा विचार करता करताच मी लिहायला लागले. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. शेवटच्या गाण्यात सांगितलंय. त्यावरही चिठ्ठी आहे.

तुमची,
चारू

ता. क. संमतीपत्र मीच लिहून सोबत जोडलंय. फक्त सही करा.

ता. क. २. सही राहू द्या. मुख्याध्यापकाचं काम करणारा हितेंद्र केळीच्या कापणीला गावी गेलाय, तो आठवडाभर येत नाही. तुम्हीच शनिवारी या. तुम्हीच स्टेजवर उभे राहिलात तर संमती कोण मागणार? गाणी मुलं म्हणतील, तुम्ही नुसतं रागवायचं. संवाद पाठ करावे लागणार नाहीत.